सहा तासांत सर्ट-इनला कळवायचं, तर आधी ऑफिसात काय तयार हवं

सर्ट-इनने, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने, २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांतली एकच गोष्ट बहुतेकांच्या लक्षात राहिली: सायबर घटना कळल्यापासून सहा तासांच्या आत कळवा. त्याच कागदात घड्याळाबद्दल एक कलम आहे आणि लॉगबद्दल, म्हणजे यंत्रणा आपोआप ठेवतात त्या नोंदींबद्दल, एक. लहान कंपन्या, पतसंस्था, दवाखाने, शाळा यांचं या दोन कलमांकडे सहसा लक्ष जात नाही. पण सहा तासांची सगळी भिस्त त्यांच्यावरच आहे. लॉगच नसेल तर कळवणार काय? आणि प्रत्येक मशीनचं घड्याळ वेगळी वेळ दाखवत असेल तर त्या लॉगची संगती लावणार कशी? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे: आधी घड्याळ, मग लॉग, मग जबाबदार माणूस, आणि शेवटी ते सहा तास. दहा ते पन्नास मशीन असलेलं, एखाद्या हार्डवेअरवाल्याच्या एएमसीवर (वार्षिक देखभाल करारावर) चालणारं ऑफिस डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे.

हे आपल्याला लागू आहे का

बहुधा आहे. सर्ट-इन ही केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाची संस्था २००४ पासून काम करते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ७०-ब ने तिला राष्ट्रीय संस्था म्हणून अधिकार दिले आणि हे निर्देश त्याच कलमाच्या सहाव्या पोटकलमाखाली निघाले आहेत. सेवा पुरवठादार, मध्यस्थ (इतरांची माहिती साठवणारे किंवा पोचवणारे), डेटा सेंटर, सरकारी कार्यालयं आणि ‘बॉडी कॉर्पोरेट’ या सर्वांना ते लागू आहेत. बॉडी कॉर्पोरेट म्हणजे फक्त मोठी लिमिटेड कंपनी, असा समज असेल तर तो सोडा. भागीदारी पेढी, एकट्याच्या मालकीचा धंदा, व्यवसाय करणारा माणसांचा गट, हे सगळे त्यात येतात. घरी स्वतःपुरता लॅपटॉप वापरणारा नागरिक मात्र यात नाही.

लहान-मध्यम उद्योगांना तयारीसाठी २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत सवलत मिळाली होती. ती कधीच संपली. निर्देश न पाळल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दंडाची कमाल मर्यादा आधी एक लाख रुपये होती, २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ती एक कोटीवर नेली.

व्हीपीएनच्या, म्हणजे इंटरनेटवरून सुरक्षित खासगी जोडणी देणाऱ्या सेवेच्या, कलमावरून २०२२ मध्ये बराच गाजावाजा झाला आणि काही परदेशी कंपन्यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. ग्राहकांची नावं-पत्ते पाच वर्षं ठेवण्याची ती अट लोकांना व्हीपीएन सेवा विकणाऱ्यांसाठी आहे. कर्मचाऱ्यांना घरून काम करता यावं म्हणून तुम्ही ऑफिसात बसवलेल्या व्हीपीएनला ती लागू नाही. मात्र त्या व्हीपीएनचे लॉग १८० दिवस ठेवायचेच आहेत.

घड्याळ: अर्ध्या दिवसाचं काम

निर्देश सांगतात की सगळ्या यंत्रणांची घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा, म्हणजे एनपीएल, यांच्या वेळेच्या सर्व्हरशी जुळवलेली हवीत, किंवा या दोघांशी जुळणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरशी. भारतीय प्रमाणवेळ दिल्लीची एनपीएल आण्विक घड्याळांवर सांभाळते, ती थेट तिथून घ्यायची.

एनआयसीचे दोन सर्व्हर आहेत: समय१ डॉट एनआयसी डॉट इन आणि समय२ डॉट एनआयसी डॉट इन. ‘समय’चं स्पेलिंग एस-ए-एम-ए-वाय, लगेच पुढे अंक, मध्ये जागा नाही. एनपीएलचा पत्ता टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ओआरजी.

सुटं विंडोज मशीन असेल तर कंट्रोल पॅनेलमध्ये ‘डेट अँड टाइम’ उघडा, ‘इंटरनेट टाइम’ टॅबवर जा, ‘चेंज सेटिंग्ज’ दाबा, सर्व्हरच्या चौकटीत वरचं नाव टाइप करा आणि ‘अपडेट नाऊ’ दाबा. मशीन डोमेनमध्ये, म्हणजे एका मुख्य सर्व्हरच्या ताब्यातल्या गटात, असेल तर हा टॅब दिसतच नाही. त्यात काही बिघडलेलं नाही: डोमेनमधली मशीन डोमेन कंट्रोलरकडून वेळ घेतात. तिथे फक्त मुख्य डोमेन कंट्रोलरला बाहेरच्या सर्व्हरशी जोडायचं, बाकी सगळे त्याच्यामागे येतात.

‘अपडेट नाऊ’ दाबल्यावर वेळ संपल्याचा एरर आला तर बहुतेक वेळा फायरवॉलने (नेटवर्कच्या दारावरच्या राखणदाराने) बाहेर जाणारा यूडीपी पोर्ट १२३, म्हणजे वेळ विचारण्याची वाट, अडवलेला असतो. तो उघडून घ्या. रोज सकाळी एखाद्या जुन्या मशीनचं घड्याळ काही वर्षं मागे गेलेलं दिसत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ नावाचा बटणसेल संपलाय. पन्नासेक रुपयांचा सेल बदला, नाहीतर वीज गेली की पुन्हा तेच.

खरी गडबड संगणकांत नसून बाकीच्या डब्यांत असते. सीसीटीव्हीचा डीव्हीआर, बोटाच्या ठशाचं हजेरी मशीन, राउटर, फायरवॉल, एनएएस (नेटवर्कवरची सामायिक डिस्क), वायफायचे ॲक्सेस पॉइंट, या सगळ्यांना घड्याळ असतं आणि त्यांना कुणी कधी विचारलेलं नसतं. टाइम झोन बसवताना जीएमटी अधिक ५:३० निवडला आहे ना ते पाहा. अनेक डीव्हीआर कारखान्यातून बीजिंगच्या वेळेवर येतात आणि बसवणारा फक्त काटे फिरवून जातो.

मोबाइल हातात घेऊन प्रत्येक उपकरणासमोर उभं राहा आणि वहीत फरक लिहा: ‘डीव्हीआर ७ मिनिटं पुढे, हजेरी मशीन २ मिनिटं मागे’. मग दुरुस्त करा. घटना घडून गेल्यावर घड्याळ चुकल्याचं कळलं, तर आधी फरक लिहून फोटो काढा, मगच काटा हलवा. फरक न नोंदवता घड्याळ सुधारलं की जुन्या नोंदी आणि खरी वेळ यांचा सांधा कायमचा निखळतो.

क्लाउडवरच्या सेवांचे लॉग बहुधा यूटीसी वेळेत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत, असतात. १० तारखेची रात्री ११:१० ची नोंद ही आपल्या हिशेबात ११ तारखेची पहाटे ४:४० असते. रात्री ११ ला ऑफिसात कोण होतं याची चौकशी करत दोन दिवस घालवायचे नसतील, तर लॉग कॉपी करताना प्रत्येक फाइलच्या नावातच ‘यूटीसी’ किंवा ‘आयएसटी’ (भारतीय वेळ) लिहा.

लॉग: इथे वेळ घालवा

निर्देशांत सांगितलेलं इतकंच आहे: सगळ्या आयसीटी (माहिती व संपर्क तंत्रज्ञान) यंत्रणांचे लॉग सुरू ठेवा, १८० दिवसांचे लॉग कायम हाताशी असू द्या, आणि ते भारतात असू द्या. सर्ट-इनच्या प्रश्नोत्तरांत कोणते लॉग याची यादी आहे: फायरवॉल, वेब, डेटाबेस, मेल, एफटीपी आणि प्रॉक्सी सर्व्हर, महत्त्वाच्या मशीनचे इव्हेंट लॉग, ॲप्लिकेशनचे लॉग, एटीएम स्विचचे, एसएसएचचे, व्हीपीएनचे. लॉगची प्रत परदेशातही असली तरी चालते, पण मागितल्यावर वाजवी वेळेत देता आली पाहिजे. लहान ऑफिसने सरळ एक प्रत इथेच ठेवावी, प्रश्न मिटतो.

अडचण अशी की जवळजवळ प्रत्येक यंत्रणा कारखान्यातून येतानाच लॉग पुसायला शिकून येते.

विंडोजचा ‘सिक्युरिटी’ लॉग मुळात फक्त २० एमबीचा असतो आणि भरला की जुन्यावर नवं लिहितो. वर्दळीच्या सर्व्हरवर २० एमबी एखाद्या दिवसातही भरतात. म्हणजे शुक्रवारी रात्री घुसलेल्याचा माग सोमवारी सकाळी उरलेला नसतो. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, ‘विंडोज लॉग्ज’खाली ‘सिक्युरिटी’वर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये जा. कमाल आकार १०,४८,५७६ केबी, म्हणजे एक जीबी, करा आणि खालच्या तीन पर्यायांतला ‘आर्काइव्ह द लॉग व्हेन फुल’ निवडा. आता भरलेली फाइल पुसली जाणार नाही, बाजूला ठेवली जाईल. पण ती सी ड्राइव्हवरच साठते, हे विसरलात तर तीन-चार महिन्यांनी सी ड्राइव्ह गच्च भरून सर्व्हर आडवा होईल. म्हणून रोज रात्री या आर्काइव्ह फायली दुसऱ्या मशीनवर हलवणारं एक शेड्यूल्ड टास्क लगेच लावा.

चुकलेले पासवर्ड नोंदले जातात का हेही पाहा. ‘लोकल सिक्युरिटी पॉलिसी’त ‘ऑडिट लॉगऑन इव्हेंट्स’ला ‘सक्सेस’ आणि ‘फेल्युअर’ दोन्हींवर टिक हवी. ही पॉलिसी विंडोजच्या होम आवृत्तीत मिळत नाही. ऑफिसला प्रो घ्यावी, याचं हे एक ठोस कारण आहे. चार आकडे पाठ करून ठेवा: ४६२४ म्हणजे लॉगिन झालं, ४६२५ म्हणजे लॉगिन फसलं, ४७२० म्हणजे नवा युजर तयार झाला, ११०२ म्हणजे सिक्युरिटी लॉग कुणीतरी पुसला. रात्री २ वाजता ४६२५ च्या शेकडो नोंदी, मग एक ४६२४, मग ४७२० आणि शेवटी ११०२, अशी रांग दिसली तर तिथे कुणी काय केलं ते समोर मांडलेलं आहे. आणि आपल्याकडून कुणी मुद्दाम लॉग साफ केलेला नसताना नुसती एक ११०२ दिसली तरी ती घटना समजून कामाला लागा.

लिनक्स सर्व्हरवर लॉगरोटेट नावाची व्यवस्था जुने लॉग काढून टाकते. तिची मूळ मांडणी आठवड्याला एक फाइल आणि अशा चार फायली, म्हणजे जेमतेम महिनाभर. ४ च्या जागी २७ करा. सत्तावीस आठवडे म्हणजे १८९ दिवस, थोडी मोकळीक राहते. ‘कॉम्प्रेस’ सुरू ठेवा. पण मुख्य फाइल बदलून थांबू नका. वेब सर्व्हर, मेल सर्व्हर, डेटाबेस यांच्या लॉगरोटेटच्या स्वतंत्र फायली असतात आणि तिथे वेगळे आकडे लिहिलेले असतात. प्रत्येक उघडून पाहा.

वेबसाइट शेअर्ड होस्टिंगवर (भाड्याच्या सामायिक सर्व्हरवर) असेल आणि ती सांभाळायला सीपॅनेल मिळालं असेल तर ‘रॉ ॲक्सेस’मध्ये जा. तिथे दोन चौकटी असतात. लॉग होम डिरेक्टरीत साठवण्याच्या चौकटीत टिक करा, आणि मागच्या महिन्याचे साठवलेले लॉग महिनाअखेर काढून टाकण्याची जी चौकट आहे तिची टिक काढा. दोन मिनिटांचं काम आहे. साइटवर कुणी परकीय जाहिरात किंवा जुगाराच्या लिंका घुसवल्या, तर त्या कुठून आत आल्या हे सांगणारी ही एकमेव फाइल असते.

इंटरनेट कंपनीने दिलेला साधा राउटर लॉग मेमरीत ठेवतो. बंद-चालू केला की सगळं पुसलं. फायरवॉल असेल पण तिला डिस्क नसेल तर तिथेही हीच गत. दोघांच्या सेटिंगमध्ये ‘सिसलॉग सर्व्हर’ नावाची चौकट शोधा आणि तिथे लॉग गोळा करणाऱ्या मशीनचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) द्या, पोर्ट ५१४.

ते मशीन जुनं असलं तरी चालेल: चार जीबी रॅम, एक टीबीची चांगली डिस्क, वर लिनक्स आणि आरसिसलॉग हा लॉग गोळा करणारा प्रोग्राम. एक टीबी कशावरून? फायरवॉल सेकंदाला ५० नोंदी लिहितो आणि एक नोंद ३०० बाइटची आहे असं धरा. सेकंदाला १५,००० बाइट, दिवसाला सुमारे १.३ जीबी, १८० दिवसांचे सुमारे २३३ जीबी, तेही दाबून लहान न करता. विंडोज स्वतःहून सिसलॉगला काही पाठवत नाही. त्यासाठी एजंट नावाचा छोटा प्रोग्राम बसवा किंवा वर सांगितलेली रात्रीची कॉपी पुरेशी आहे.

या मशीनला डोमेनमध्ये घेऊ नका. त्याचा पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरलेला नसावा आणि तो दोनच माणसांना माहीत असावा. रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम, सोडणारे ॲडमिनचा पासवर्ड हाती लागताच आधी बॅकअप आणि लॉग गाठतात. मुख्य सर्व्हरवरच लॉग ठेवणं म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीत ठेवून दार लोटून घेणं. आठवड्यातून एकदा सगळं बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि डिस्क काढून कपाटात ठेवा. कायम जोडलेली डिस्क रॅन्समवेअरला आणखी एक ड्राइव्ह म्हणूनच दिसते.

डीएचसीपीचा, म्हणजे मशीनना आयपी वाटणाऱ्या सेवेचा, लॉग हमखास राहून जातो. फायरवॉल म्हणतो की १९२.१६८.१.३७ वरून बाहेर संशयास्पद वाहतूक गेली. पण त्या दिवशी तो आकडा कोणत्या लॅपटॉपला मिळाला होता? हे फक्त डीएचसीपीच्या नोंदीत असतं. ज्यांना हा व्याप नको त्यांनी प्रत्येक मशीनला कायमचा आयपी द्यावा आणि त्याची यादी कागदावर छापून ठेवावी.

क्लाउड मेलची मुदत तपासा. मायक्रोसॉफ्ट ३६५ चा साधा ऑडिट लॉग १८० दिवस राहतो, तो चालू आहे ना एवढं पाहा. सीए जो एडिट लॉग सांगतात, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये सक्तीची झालेली बदलांची नोंद, ती वेगळी. व्हाउचर कुणी बदललं ते ती सांगते, मशीनमध्ये कोण शिरलं ते नाही. एक आहे म्हणून दुसऱ्याची गरज नाही, असं समजू नका.

माणूस

संपर्कासाठी एक व्यक्ती नेमून तिची माहिती सर्ट-इनला कळवायची असते. नाव, हुद्दा, संस्थेचं नाव, ऑफिसचा पत्ता, ईमेल, मोबाइल, ऑफिसचा फोन, फॅक्स असल्यास तो. ही माहिती ‘इन्फो ॲट सर्ट-इन डॉट ओआरजी डॉट इन’ या पत्त्यावर पाठवा. सर्ट आणि इन यांच्यामध्ये आडवी रेघ आहे.

इथे तीन चुका नेहमी होतात. नेमलेला माणूस नोकरी सोडून जातो आणि कुणी बदल कळवत नाही. दिलेला ईमेल त्याच मेल सर्व्हरवरचा असतो जो हल्ल्यात बंद पडणार आहे, म्हणून एक मेलबॉक्स बाहेर, वेगळ्या सेवेवर ठेवा. आणि तिसरी, सर्वांत महाग पडणारी चूक: नेमलेल्या माणसाला स्वतःच्या अखत्यारीत कळवायचा अधिकारच नसतो. अध्यक्ष गावाला गेलेत, संचालकांची सभा गुरुवारी आहे, तोवर थांबा. सहा तास कुणाच्या सभेसाठी थांबत नाहीत. संचालक मंडळाच्या पुढच्याच सभेत एका ओळीचा ठराव करून घ्या: ‘सायबर घटना कळवण्यासाठी नेमलेल्या व्यक्तीस पूर्वपरवानगीची आवश्यकता नाही.’

हल्लेखोर सुट्ट्या पाहून येतात. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये सुमारे ९४ कोटी रुपये गेले, तेव्हा एटीएममधून पैसे काढण्याचं सत्र ११ ऑगस्टला झालं. तो शनिवार होता. तुमच्या नेमलेल्या माणसाला एक बदली माणूस हवा, आणि दोघांच्या मोबाइलमध्ये एकमेकांचे नंबर हवेत.

एएमसीच्या करारात एक कलम घाला: लेखी सांगितल्याशिवाय कोणतंही मशीन फॉरमॅट करायचं नाही. हार्डवेअरवाला प्रामाणिकपणे मदत करायला धावत येतो, नवं विंडोज टाकतो, दुपारपर्यंत काम सुरू करून देतो, आणि त्याच वेळी तपासाचा एकुलता एक पुरावा पुसून टाकतो. त्याचा दोष नाही, त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

ते सहा तास

घड्याळ सुरू होतं ते घटना लक्षात आल्यापासून किंवा कुणी लक्षात आणून दिल्यापासून. तो क्षण वहीत लिहा, कुणाच्या लक्षात आलं तेही. कागदाची वही हवी. संगणकावरची नोंद संगणकच गेल्यावर कामाची नाही.

पहिली पंधरा मिनिटं: बाधित मशीनची लॅनची वायर काढा, वायफाय बंद करा, पण मशीन चालूच ठेवा. मेमरीत पुष्कळ पुरावा असतो, बटण दाबताच तो जातो. अपवाद एकच: फायली डोळ्यांदेखत लॉक होत चालल्या आहेत आणि वायर काढूनही ते थांबत नाही, तर वीज तोडा. नेटवर्कचे आधीच वेगळे भाग पाडलेले असतील तर तुटणारा भाग लहान राहतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये पाच सर्व्हर आणि सुमारे १.३ टेराबाइट डेटा रॅन्समवेअरने लॉक झाला. नेटवर्कचे नीट विभाग पाडलेले नव्हते, हे त्याचं कारण सरकारने संसदेत सांगितलं. ऑफिसात निदान तीन भाग हवेत: हिशेबाची मशीन आणि सर्व्हर एकीकडे, कॅमेरे आणि हजेरी मशीन दुसरीकडे, पाहुण्यांचं वायफाय तिसरीकडे.

पुढचा पाऊण तास: पडद्याचा मोबाइलने फोटो घ्या. खंडणीची चिठ्ठी, फायलींच्या नावांना लागलेलं नवं शेपूट, दिलेला पत्ता, सगळं स्पष्ट दिसू द्या. अँटिव्हायरसने काही पकडलं असेल तर ‘डिलीट’ नको, ‘क्वारंटाइन’ करा. लॉगची प्रत नव्या, कोऱ्या डिस्कवर घ्या आणि प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ हॅश (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) काढून वहीत उतरवा. पुढे प्रकरण कोर्टात गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात हाच हॅश लिहावा लागतो.

मग ठरवा की हे कळवण्याजोगं आहे का. निर्देशांच्या परिशिष्टात घटनांचे वीस प्रकार आहेत, फिशिंगपासून ड्रोनवरच्या हल्ल्यांपर्यंत. म्हणून मेलबॉक्समध्ये आलेलं प्रत्येक लॉटरीचं पत्र सहा तासांत कळवायचं असं नाही. सर्ट-इनच्या प्रश्नोत्तरांत तीव्रतेच्या कसोट्या दिल्या आहेत: सेवा बंद पाडणारा हल्ला, घुसखोरी, रॅन्समवेअरसारखा फैलाव, डेटा फुटणं किंवा गळणं, मोठ्या प्रमाणावर किंवा वारंवार होणारी घुसखोरी, माणसांच्या सुरक्षेला धोका. रॅन्समवेअर, ग्राहकांचा डेटा बाहेर जाणं, वेबसाइट बदलली जाणं, कुणी सर्व्हरमध्ये शिरणं, यांत शंका न घेता कळवा. शंका आली तरी कळवा.

कळवायचं ते ‘इन्सिडेंट ॲट सर्ट-इन डॉट ओआरजी डॉट इन’ वर ईमेलने, किंवा १८००-११-४९४९ या टोल-फ्री नंबरवर. सगळी माहिती गोळा होईपर्यंत थांबायचं नाही. सहा तासांत हाताशी असेल तेवढं द्या, उरलेलं नंतर वाजवी वेळेत पाठवता येतं. ही मुभा माहीत नसल्यामुळे लोक पूर्ण अहवाल लिहीत बसतात आणि मुदत चुकवतात.

पहिला ईमेल इंग्रजीत असू द्या. त्यात जायला हवा असा मजकूर साधारण असा:

‘आमची सहकारी पतसंस्था, जिल्हा अमुक. आज सकाळी ९:२० वाजता (आयएसटी) क्लार्कला मुख्य सर्व्हरवरील फायली उघडत नसल्याचे दिसले. फायलींच्या नावांना नवा एक्स्टेन्शन लागला आहे, खंडणीची चिठ्ठी सोबत जोडली आहे. बाधित: एक सर्व्हर (ऑपरेटिंग सिस्टीम आणि आतला आयपी), तीन मशीन. बाहेरचा आयपी आणि इंटरनेट कंपनी अमुक. ९:३५ ला चारही मशीन नेटवर्कवरून तोडली, चालू ठेवली आहेत. लॉगनुसार पहाटे २:१० पासून बाहेरील एका आयपीवरून रिमोट डेस्कटॉपचे अनेक फसलेले प्रयत्न, २:४७ ला यशस्वी लॉगिन. लॉगच्या प्रती वेगळ्या डिस्कवर आहेत. ग्राहकांचा डेटा बाहेर गेला का हे तपासत आहोत. संपर्क: नाव, मोबाइल.’

एवढंच पुरे. यातल्या २:१० आणि २:४७ या दोन वेळा लिहिता आल्या त्या घड्याळ आणि लॉग आधी जागेवर होते म्हणून.

नाव बाहेर फुटेल म्हणून न कळवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं: घटना कळवणाऱ्या संस्थेची ओळख पटेल अशी माहिती तिच्या लेखी संमतीशिवाय किंवा कोर्टाच्या आदेशाशिवाय उघड करायची नाही, असं सर्ट-इनचे नियमच सांगतात. नोव्हेंबर २०२३ पासून सर्ट-इन माहिती अधिकार कायद्यातून वगळलेल्या संस्थांच्या यादीतही आहे. गप्प बसण्याने मात्र दुसऱ्या पतसंस्थेला तोच हल्लेखोर, त्याच आयपीवरून, पुढच्या आठवड्यात गाठतो.

पैसे गेले असतील तर क्रम बदलतो. सर्वांत आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन, मग सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार, आणि स्वतःच्या बँकेला फोन. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात मिनिटांत सरकतो आणि तो वाटेत अडवण्याची शक्यता पहिल्या तासात सर्वाधिक असते. पण १९३० वर सांगितलं म्हणजे सर्ट-इनला कळवलं असं होत नाही. त्या वाटा वेगळ्या आहेत, तशीच पोलिस ठाण्यातली फिर्यादही वेगळी. बँका आणि नागरी सहकारी बँकांना रिझर्व्ह बँकेलाही स्वतंत्रपणे कळवावं लागतं. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ खाली लोकांची वैयक्तिक माहिती फुटली तर त्या लोकांना आणि डेटा संरक्षण मंडळाला कळवण्याचं कर्तव्य आणखी वेगळं आहे. ते पार पाडताना याच वहीतली पानं लागतील.

बॅकअपमधून काम पुन्हा उभं करताना घाई नको. हल्लेखोर लॉगमध्ये पहिल्यांदा दिसतो त्या तारखेच्या आधीचा बॅकअप घ्या. पंधरा दिवस आत बसलेला असेल तर कालच्या बॅकअपमध्येही तो आहे. जुनी डिस्क काढून, तारीख लिहून, बाजूला ठेवा आणि नव्या डिस्कवर उभारणी करा. रिमोट डेस्कटॉप (दुरून मशीन चालवण्याची सोय) थेट इंटरनेटवर उघडा असेल तर तो बंद करूनच पुढे जा, नाहीतर तोच पाहुणा रात्री परत येईल.

तालीम

वर्षातून दोनदा, एखाद्या शनिवारी दुपारी, नेमलेल्या माणसासमोर हा प्रश्न ठेवा: गेल्या महिन्याच्या १० तारखेला दुपारी ३:०५ ला मुख्य सर्व्हरवर कोण लॉगिन होतं आणि कोणत्या मशीनवरून? उत्तर अर्ध्या तासात यायला हवं. मग दुसरा: पाच महिन्यांपूर्वीच्या एका तारखेचा फायरवॉलचा लॉग उघडून दाखवा. फाइल आहे पण उघडत नाही, असं इथे पुष्कळदा निघतं, कारण कॉपी अर्धवट झालेली असते. तिसरा: वरच्यासारखा पहिला ईमेल वीस मिनिटांत लिहून बाहेरच्या मेलबॉक्समधून स्वतःलाच पाठवा, ऑफिसचं इंटरनेट बंद ठेवून, मोबाइलवरून. जिथे अडलं ते वहीत लाल शाईने लिहा, समोर कुणी कधीपर्यंत दुरुस्त करायचं ते नाव आणि तारीख घाला, आणि पुढच्या तालमीची सुरुवात त्याच पानापासून करा.